पंचविसावा नट

हे मी रचलेलं नाही. रचायला वेळ कुणाला आहे? मुलगी झोपली की दुपारी पाऊण तास मिळतो, त्यातच चार दिवस तुकड्या-तुकड्याने लिहितेय.

घडलं ते आमच्याच घरात. मागच्या पडवीत. मंगळवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी.

तेही भर उजेडात...

माझे सासरे जाऊन पाच वर्षं झाली. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांची मोटरसायकल मात्र पडवीत तशीच उभी होती, जुनी चादर पांघरून. नवऱ्याला नवीन नोकरी लागली, लांबची. तो म्हणाला, "बाबांची गाडी काढतो."

टाकी उघडली तर आत सगळा गंज.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने उपाय सांगितला. पेट्रोलची वाट बुचाने बंद करायची. टाकीत व्हिनेगर ओतायचं, मूठ-दोन मूठ बोल्टचे बारके नट टाकायचे, झाकण लावायचं आणि हलवत राहायचं. दोन दिवस मुरू द्यायचं, मग काढायचं.

"पण नट मोजून टाका आणि मोजून काढा," तो म्हणाला. "एक जरी आत राहिला ना, पेट्रोलच्या तोंडाशी जाऊन बसेल. गाडी भर ट्रॅफिकमध्ये बंद पडेल. मागून ट्रक असला तर संपलं."

रविवारी नवऱ्याने नट टाकले. चिमणीला कडेवर घेऊन मी मोजत होते. चिमणी म्हणजे आमची मुलगी, आठ महिन्यांची.

"माझे चहाचे कप मोजतेस तसे मोज. एकही सुटणार नाही," तो म्हणाला.

पंचवीस. मी दोनदा मोजले.

त्याने टाकी मांडीवर घेतली आणि हलवायला लागला. कसाही, घाईघाईत, जमेल तसा. मोठा खडखडाट. आणि दुपारी सहजासहजी डोळा न मिटणारी आमची चिमणी त्या आवाजात गाढ झोपली! मी त्याला म्हटलं, "अरे, थांबू नकोस. हात तुटले तरी चालतील."

मंगळवारी तो कामावर गेला. टाकी पडवीत, जुन्या टायरवर ठेवलेली. चिमणी किरकिरत होती. मी पाळण्याशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होते.

मागून आवाज आला...

खळ्-खळ्. मग थोडं थांबून... खळ्ळ.

खळ्-खळ्... खळ्ळ.

चिमणीने डोळे मिटले. आलेला दिसतोय लवकर, मला वाटलं. बरं झालं.

स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "आज अगदी ह्यांच्यासारखी हलवतोय गं. दोन लहान, एक मोठा. हे दरवर्षी अशीच धुवायचे टाकी."

तेवढ्यात फोन वाजला.

नवऱ्याचा.

"नट आतच आहेत ना? संध्याकाळी आल्यावर काढतो. तू हात लावू नकोस, जड आहे."

"तू... कुठे आहेस?"

"कुठे म्हणजे? कामावर!"

मागचा आवाज थांबला.

चिमणीने डोळे उघडले.

मी पडवीत गेले. कोणी नाही. बाहेरच्या दाराला आतून कडी. टाकी टायरवर होती तशीच, झाकण घट्ट. मी तिच्यावर हात ठेवला.

आतलं व्हिनेगर अजून हलत होतं...

खरं सांगू? माझा संशय सासूबाईंवरच होता. पण त्या स्वयंपाकघरात होत्या, आणि गुडघ्यांमुळे त्यांना पाण्याची बादली उचलवत नाही, ती टाकी कुठून?

संध्याकाळी नवऱ्याने टाकी परातीत उपडी केली. तांबडं गढूळ पाणी आलं, मागून नट. मी मोजले.

चोवीस.

पुन्हा मोजले. चोवीस.

त्याने टॉर्च मारून पाहिलं. तारेला लोहचुंबक बांधून आत फिरवलं. टाकी उलटी-पालटी केली. आत काही वाजेना.

"तूच चुकलीस मोजायला. मी बसवतोय."

"बसवायची नाही."

"उद्या मला वेळेवर पोचायचंय!"

"चिमणीचा बाप रस्त्यात मध्येच थांबला तर? बसने जा."

सासूबाई दारात उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "मोजणी जुळल्याशिवाय हेही टाकी बसवायचे नाहीत."

आतून चिमणीचा आवाज आला. रडण्याचा नाही... हसण्याचा.

मी धावले. ती पाळण्यात एकटीच. उजवी मूठ गच्च आवळलेली. एकेक बोट सोडवलं...

नट.

लख्ख. गंजाचा ठिपकाही नाही. व्हिनेगरचा आंबूस वास. आणि गरम, कोणीतरी बराच वेळ हातात धरून ठेवल्यासारखा.

ती हातात येईल ते तोंडात घालते. हा का नाही घातला? तिला छातीशी धरून मी खालीच बसले.

मागोमाग सासूबाई आणि नवराही आले. नवरा माझ्याकडे बघत होता, मी सासूबाईंकडे, त्या पाळण्याकडे.

"रविवारी खाली पडला असेल," नवरा शेवटी म्हणाला. "तिला सापडला."

जी अजून धड रांगतही नाही, तिला. पाळण्यात.

मी वाद घातला नाही. मोजणी जुळली होती.

टाकी बसली. गाडी एका किकमध्ये सुरू झाली. आज तीन आठवडे झाले, एकदाही बंद पडलेली नाही. सासूबाई म्हणतात, "त्यांनीच काढून दिला. नातीच्या हातात दिला." म्हणताना डोळे पुसतात. मलाही तसंच मानायचं आहे.

पण ज्याने काढून दिला... त्यानेच आधी लपवला नव्हता कशावरून? पाच वर्षं त्या गाडीला कोणी हात लावला नव्हता.

पंचवीस नट मी काचेच्या बरणीत घालून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलेत. झाकण आवळून. रोज मोजते. नवरा हसतो. हसू दे.

आज शनिवार, त्याचा अर्धा दिवस. दोनला निघतो, अडीचला घरी. आता पावणेतीन झालेत.

मघाशी बरणी काढली.

चोवीस.

तीनदा मोजले. चिमणी झोपली आहे. तिच्या दोन्ही मुठी मी हळूच उघडून पाहिल्या.

रिकाम्या आहेत...

फोन लावतेय. तो उचलत नाही. गाडीवर असताना उचलायचा नाही, असं मीच त्याला सांगितलंय.