एकाच हाताची सुरी

धारवाल्याच्या दुकानाची पायरी ती चढली तेव्हा तिच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती आणि नाकाच्या शेंड्यावर राग. खरं तर जुनी सुरी नमुन्यादाखल पिशवीत टाकून ती निघाली होती पुढच्या गल्लीत, नवी सुरी घ्यायला. वाटेत चाकाची घरघर कानावर आली म्हणून थबकली, एवढंच.

राग गुरुवारचा होता. सकाळी साडेसहाला बोथट सुरी भोपळ्यावरून घसरली ती थेट अंगठ्यात. पट्टी गुंडाळून तिनं भाजी शिजत टाकली, तिघांचे डबे भरले, आठच्या ठोक्याला रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत हजर झाली आणि दिवसभर उभ्यानं लोकांच्या रक्ताच्या नळ्या हाताळल्या. संध्याकाळी घरी येते तर सकाळची कढई ओट्यावर तश्शीच. बाबा म्हणाले, "आज उशीर झाला गं." दादा म्हणाला, "अंगठा जप हं," आणि लगेच जेवायला काय आहे ते विचारलं. आईला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि चार वर्षं हेच चाललं होतं.

धारवाला तिच्याच वयाचा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, भुवयांवर लोखंडाची पूड. त्यानं सुरी उजेडात धरली, पात्यावरून हलकेच अंगठा फिरवला.

"डावखुऱ्या आहात."

"मग? डावखुऱ्यांच्या सुरीला धार बसत नाही का?"

"बसते की. पण..." तो जरा घुटमळला. "घरात माणसं तीन-चार, आणि चिरणारा हात एकच. पातं एकाच बाजूनं झिजलंय. टोक मोडलंय, म्हणजे डब्याचं झाकण उघडलंत — घाईत."

समोर बसून जेवणाऱ्या दोघांना जे चार वर्षांत दिसलं नाही, ते या परक्याला दोन मिनिटांत दिसलं होतं. तिला खरं म्हणजे रडू येत होतं. पण तिची तऱ्हाच अशी, की रडू यायच्या आधी राग येई.

"सुरी धार लावायला दिलीय. भविष्य सांगायला नाही."

"हे भविष्य नाही," तो चाक फिरवत शांतपणे म्हणाला, "भूतकाळ आहे."

पुढच्या शनिवारी ती कात्री घेऊन गेली. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा सुरी.

"इतक्यात बोथट झाली?" त्यानं विचारलं.

"तुमचं काम कच्चं."

"की तुमचा राग पक्का?"

ती हसली नाही, पण घरी जाताना सबंध रस्ताभर ओठ दाबून चालली. त्याच्या त्या दुमडलेल्या बाह्या, पातं पुसून मूठ तिच्याकडे करून देण्याची रीत — मंगळवारी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना हे आठवायचं काही कारण होतं का? तिला स्वतःचाच राग आला. सहाव्या शनिवारी त्यानं पातं वळवून वळवून पाहिलं.

"ही दुसऱ्या कुणी धरली?"

"दादानं. दोन दिवस घरात महाभारत झालं, तेव्हा कुठे चार कांदे चिरले त्यानं."

"छान. आडवे-तिडवे चिरले, पण चिरले."

आठव्या शनिवारी मात्र त्यानं सुरी हातात घेतलीच नाही. "मला वाटतं..." तो चाकाकडे बघत म्हणाला, "आठवड्यात शनिवार एकच ठेवला हे चूक झालं. तुम्ही — म्हणजे आपण लग्न केलं तर? घरात मी मदत करेन तुम्हाला. अगदी मनापासून."

इथवर तिचं काळीज पार विरघळलं होतं. 'मदत' ऐकलं आणि ते जागच्या जागी गोठलं. एका ओट्यावरून उठून दुसऱ्या ओट्यावर जायचं नाही, ही शपथ तिनं कढई घासता घासता कितीदा घेतली होती.

"मदत," ती म्हणाली. "म्हणजे काम माझं, आणि उपकार तुमचा. तुमच्या घरची सुरी आणा पाहू."

तो दुकानावरच्या खोल्यांत आईबरोबर राहत असे. सुरी घेऊन खाली आला. पात्याला धार होती लखलखीत, पण तिनं मूठ पाहिली. लाकडात अंगठ्याचा खळगा पडला होता — लहानसा, गुळगुळीत. तिनं त्याचा अंगठा धरला आणि त्या खळग्यावर ठेवला. मावला नाही.

"सगळ्या पेठेच्या सुऱ्या वाचल्यास तू," रागाच्या भरात ती 'तू'वर आली. "ही नाही वाचलीस? दिव्याखाली अंधार."

त्याचा हात तिच्या हातात किती वेळ होता हे तिला रस्त्यावर आल्यावर कळलं. मग तिला आणखीच राग आला.

चार शनिवार ती फिरकली नाही. सुरी बोथट झाली. ती करवतीसारखी गाजरं कापत राहिली. पाचव्या शनिवारी कोबीनं दाद दिली नाही, तेव्हा ती तणतणत निघाली. दुकानाला पाटी होती : 'बारा ते एक बंद. स्वयंपाक.'

पायरीशी खुर्ची टाकून त्याची आई बसली होती, मांडीवर वर्तमानपत्र. "वर आहे," ती म्हणाली. "महिनाभर मला ओट्याजवळ फिरकू देत नाही. मीठ कमी पडतं. मी बोलत नाही. बोलले तर पुन्हा माझ्याच गळ्यात यायचं."

आईंच्या खुर्चीला वळसा घालून ती जिना चढली. ओट्याशी तो पाठमोरा उभा होता. डाव्या हाताच्या तीन बोटांना पट्ट्या, हातात नवी, साध्या मुठीची सुरी, आणि धारवाल्याच्या घरात असूनही महिनाभराच्या चिरण्यानं बोथट. सिंकमध्ये मात्र एकही भांडं नव्हतं.

तो वळला. "चाकावर घासून पाच मिनिटांत खळगा पाडता आला असता," तो म्हणाला. "मनात आलं होतं... पण तुला कळलं असतं."

"कळलंच असतं." तिचा आवाज चिरकला. "चार शनिवार मी आले नाही. आणि तुझी आठवण इतकी यायची, की त्याचाच सगळ्यात जास्त राग यायचा. अजून आहे."

"असू दे." तो हसला, मग पातेल्यात डोकावून गोंधळला. "जरा... मदत करशील?"

"नाही," असं म्हणत तिनं खुर्ची ओढली, चपला काढल्या आणि पाय लांब करून बसली. दुसरं कुणी रांधत असताना नुसतं बसायची वेळ चार वर्षांत पहिल्यांदा आली होती. "आज मी बसणार आहे. आणि उद्या आईंना घेऊन आमच्या घरी या. बाबांशी बोलायला."

"जेवायलाच येतो की," तो म्हणाला.

"या. पण घरून थोडं खाऊन निघा. स्वयंपाक दादा करणार आहे."