चोळायचं नाही

विश्रांतवाडीतल्या माझ्या दवाखान्यात मी पाटी लावली आहे: ‘मुका मार चोळून येऊ नये.’ लोक ती वाचतात आणि चोळूनच येतात.

संस्कृती नऊ वर्षांची, लोणी काळभोरची. चैत्रात सायकलवरून पडली आणि महिन्याभरात मांडीत टणक गाठ आली. कुणीतरी कॅन्सरची शंका काढली होती, त्यामुळे तिच्या वडिलांचा, रविराजचा, चेहरा उतरलेला होता. एक्स-रेत गाठीच्या कडेने हाडाची बारीक रेघ होती, मधला भाग मोकळा.

“कॅन्सर नाही,” मी म्हणाले. “मुक्या मारानंतर स्नायूत हाड धरलंय. बहुधा आपोआप थांबतं. अडचण झालीच, तर वर्षभराने काढू. फक्त चोळायचं नाही.”

“कुणी चोळत न्हाई, मॅडम.”

मांडीला ओव्याच्या तेलाचा वास येत होता. माझं डोकं फिरलं. “मग तेल काय आभाळातून पडलं? असले हात तोडले पाहिजेत.”

“बायडाआत्या चोळती,” मुलगी म्हणाली.

रविराजने मान खाली घातली. “गावात समद्यांचे हातपाय तीच चोळायची. माघात वारली.”

असल्या थापा मी रोज ऐकते. मी कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं आणि वर सही केली. आता चोळा म्हटलं.

तीन आठवड्यांनी ते मीच कापलं. सही शाबूत होती. आतला कापूस तेलाने निथळत होता.

नव्या एक्स-रेत त्या रेघेची चार बोटं झाली होती, मांडीवर सपाट टेकवलेली. त्यातलं एक पेरभर तोकडं होतं. रविराजने त्या तोकड्या बोटावर आपलं बोट टेकवलं.

“आत्याचं बोट उसाच्या चरकात गेलं हुतं.”

मला भीती वाटली, आणि भीतीचा रागही आला. गुडघा वाकत नव्हता. पोर जन्माची लंगडी झाली असती. “वर्ष भरलं की काढून टाकू,” मी ठणकावलं.

संस्कृती माझ्याकडे रोखून बघत होती. “तुम्ही हात तोडणार म्हणालात. तिनं ऐकलंय.”

वर्षभर गाठ तसूभरही वाढली नाही. गुडघा अडकलेलाच राहिला. ऑपरेशनची तारीख ठरली.

आदल्या दिवशी मी शेवटचा एक्स-रे काढला.

बोटं मिटली होती. मांडीचं हाड त्यांच्या मुठीत होतं.