कापलेली अक्षरं

दवाखान्यातून परत येताना भिंगरीच्या आईनं कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध घेतलं, साबण घेतला, आणि पोरीचा हात धरून नव्या घराचे जिने चढताना मनातल्या मनात घोकत राहिली. वाक्य पुरं करायचं नाही. टोकायचं नाही. थांबायचं.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पायाला आणि जिभेला थारा नाही म्हणून बापानं लाडानं पाडलेलं, तेच चिकटलं. वय वर्षं चार, पण तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरच्यानं नुसती मान हलवायची. कुत्र्याशी बोलेल, भिंतीशी बोलेल, कुणीच नसलं तर आपल्याच चपलेला रागावेल. आणि एका सकाळी उठून तिनं हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाज पहिल्याच अक्षरावर अडला. "आ, आ, आ" करत राहिली, मान ताठ झाली, डोळे मोठे झाले, शब्द काही निघेना. मग तिला हसू आलं. पोरीला वाटलं, गंमतच आहे ही. दुसऱ्या दिवशी मात्र ती हसली नाही.

"या वयात होतं असं," थेरपिस्ट बाई म्हणाल्या होत्या. "एकाएकी सुरू होतं, पुष्कळ मुलांचं आपोआप जातंही. आपण लक्ष ठेवू. तुम्ही फक्त तिचा शब्द तिच्या तोंडातून काढून घेऊ नका. तिचा शब्द तिला आणू दे. बरं, बाबा काय म्हणतात?"

"ते जहाजावर असतात. त्यांना अजून सांगितलं नाही."

हे काही खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. गोष्ट अशी की, भिंगरीची आई पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची, तेही घरात. निजायच्या खोलीतलं भिंतीतलं मोठं कपाट रिकामं करून तिनं आत चहूबाजूंनी रजया टांगल्या होत्या. आत माइक आणि स्टूल ठेवून ती दार लावून वाचत बसे. मग संगणकावर आपलाच आवाज निवडत बसे. खोकला, घसरलेली जीभ, दोनदा आलेला शब्द, सगळं तांदळातल्या खड्यांसारखं वेचून टाकायचं आणि उरलेलं असं सांधायचं की जोड ऐकू येऊ नये. "आमच्या घरात दोन बडबड्या," नवरा म्हणायचा, "एकीला पगार मिळतो, एवढाच फरक."

समुद्रात फोन धड लागत नसे. म्हणून सुटीच्या दिवशी भिंगरीचा आवाज ध्वनिमुद्रित करून बापाला पाठवायचा, हा त्यांचा शिरस्ता. पोर अडखळायला लागली तेव्हा आईनं दोष स्वतःकडंच घेतला. जुनं, माणसांनी भरलेलं घर सोडून इथं येण्याचा हट्ट तिचाच होता. इथं दिवसभर सगळी दारं बंद, जिन्यावर चिटपाखरू नाही. नवरा दोष द्यायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. पण तिकडे जहाजावर एकटा झुरत बसेल. म्हणून तिनं सवयीनं करायचं ते केलं. पोरीचा आवाज संगणकावर घेतला आणि अडखळे कापले. पहिल्या खेपेला हात थोडा थबकला. पुढं थबकला नाही.

"काय खणखणीत बोलायला लागलीय गं!" बापाचं उत्तर आलं. ते ऐकून ती न्हाणीघरात जाऊन रडली.

आता पुढचं ऐका. एका दुपारी ती दूध तापवत होती. निजायच्या खोलीतून भिंगरीचा आवाज आला, "बाबा, मी आज खूप उंच झोका घेतला." एकही अक्षर अडलं नाही. गॅस तसाच टाकून ती धावली.

भिंगरी कपाटासमोर फरशीवर बसली होती. तोंड मिटलेलं. संगणक बंद होता.

"कोण बोललं गं, सोन्या?"

पोरीनं कपाटाकडं बोट केलं. "ती... ती... ती..."

आई थांबली. थांबायचं असतं ना. आणि आतून, रजयांच्या मागून, त्याच गोड आवाजात शब्द आला.

"ती मीच."

तिनं दार उघडलं. रजया, स्टूल, माइक. माइकची वायर गुंडाळून बाजूला ठेवलेली. रजयांना नुकतंच कुणी झोपून उठल्यासारखा उबट वास येत होता. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन करपलं, ते तिला उशिरा कळलं.

सांगणार कुणाला? शेजारची नावंसुद्धा ठाऊक नव्हती. नवऱ्याचा फोन लागत नव्हता, आणि लागला असता तरी सुरुवात कुठून करायची? तिनं कपाटाला कुलूप घातलं. उपयोग शून्य. भिंगरी "पा... पा..." करू लागली की आतून "पाणी" यायचं. आणि हळूहळू पोरीनं खटपटच सोडली. पहिलं अक्षर काढायची आणि मुकाट कपाटाकडं बघायची. मग तेही सोडलं. दिवसचे दिवस तिच्या तोंडून एक शब्द निघेना. घरात बोलणं होतं, पण ते कुलपाआडून.

आईच्या जिवाचं पाणी पाणी झालं. आपण काय केलं, हे तिला आता स्वच्छ दिसलं. चार वर्षांच्या लेकराचा अर्धा आवाज आपण टाकाऊ ठरवला होता. तिनं कुलूप काढलं, भिंगरीला घेऊन आत स्टुलावर बसली, माइक सुरू केला आणि दार ओढून घेतलं.

"बाबाला खरं खरं सांग," ती अंधारात म्हणाली. "हवा तेवढा वेळ घे, राणी. काही कापणार नाही मी."

"बा... बा... बा..."

तिनं पोरीला घट्ट धरलं. मांडीवरचं इवलं अंग ताठ झालं, थरथरलं. मग एकदम सैल पडलं.

"बाबा, माझा शब्द अडकायचा. आता नाही अडकत."

बोलली! मांडीवरून, कानाशी, स्पष्ट! आईचा जीव भांड्यात पडला. तिला उचलून ती बाहेर आली, कपाटाचं दार पायानं लोटलं, तिचे मुके घेतले, हसली, रडली. मग ध्वनिमुद्रण थांबवलं आणि न ऐकताच पाठवून दिलं. भिंगरी घरभर फिरू लागली, खिडकीशी बोलली, चपलेला रागावली. संध्याकाळपर्यंत तिचं तोंड थांबलं नाही.

दिवे लावायच्या वेळी बापाचं उत्तर आलं. आवाज हळू होता, दमलेला.

"अगं, मला आधीच का नाही सांगितलंस? किती अडखळतेय पोर. मी रागावलो नाहीये. पण तिला त्या कपाटात एकटीला का कोंडलंस? सुरुवातीला तू काहीतरी बोललीस, आणि मग शेवटपर्यंत ती एकच म्हणतेय... आ-आई, दा-दार उघड... आणि तू बाहेर कुणाशी तरी हसत होतीस. कोण आलं होतं गं?"

बाहेरच्या खोलीत भिंगरी खिडकीला गोष्ट सांगत होती. सरळ, न अडखळता.

आईनं कपाट उघडलं. एकेक रजई खाली ओढली. मागं नुसती भिंत. तिनं भिंतीला कान लावला. फार लांबून, फार बारीक, दमलेला आवाज आला.

"आ... आ..."

"मी इथंच आहे," ती कुजबुजली. गुडघे टेकून तिनं भिंतीवर दोन्ही तळवे ठेवले. "मी थांबलेय. सावकाश म्हण, बाळा. तूच म्हण."

बाहेरची गोष्ट थांबली.

"आ... आ... आ..."

आणि तिच्या मागून, उघड्या दारातून, कुणीतरी तो शब्द पुरा केला.

"आई."