जाळीपलीकडचे आबा

उत्कर्षाने बनवलेल्या एका गेमवर मी सिनेमा करत होतो. गेम साधा होता. निघोज्याजवळच्या एका गोदामाला आग लागते. रखवालदार कोंडाजी आत अडकतो. खेळणाऱ्याने वेळेत दार उघडलं तर तो वाचतो. कोंडाजी म्हणजे उत्कर्षाचे वडील. खऱ्या आगीत ते वाचले नव्हते.

"गेममध्ये रोज कोणी ना कोणी आबांना बाहेर काढतं," ती म्हणाली होती. "सिनेमातही काढा, दादा."

मी हो म्हटलं. पण लिहिताना अडलो. गेममध्ये खेळणारा स्वतः धडपडतो, म्हणून ती सुटका त्याला पटते. सिनेमात प्रेक्षक नुसता बसलेला असतो. त्याला ती खोटी वाटली असती. मी दार बंदच ठेवलं, आणि तिला न सांगता शूटिंगही उरकलं.

कोंडाजीचं काम मधुसूदनकाकांनी केलं. चिंचवडचे निवृत्त शिक्षक. शेवटचा शॉट बारा सेकंदांचा होता. लोखंडी जाळीचं दार, पलीकडे धूर, त्यात उभे काका.

ताथवड्याच्या फ्लॅटवर दुपारी एडिटिंगला बसलो, तेव्हा तो चाळीस सेकंदांचा निघाला. दुसऱ्या दिवशी तीन मिनिटांचा. काका सरळ कॅमेऱ्याकडे बघत उभे. मधूनच या पायावरचा भार त्या पायावर घेत. गेममध्ये कुणी बटण दाबलं नाही की कोंडाजी असाच ताटकळतो.

मी काकांना फोन केला.

"तुम्ही कट म्हणालात आणि मी बाहेर आलो की, राव," ते म्हणाले. "धुराने डोळे उघडवत नव्हते. कॅमेऱ्याकडे बघेन कसा?"

शॉट पुसून टाकला. सकाळी तो जागच्या जागी होता. अकरा मिनिटं.

शेवटी सगळं कबूल करायला उत्कर्षाला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "दादा, गेममध्ये काहीतरी बिघडलंय. पंधरा दिवस झाले. लोक दार उघडतात, पण आत आबा नसतात."

शूटिंगला पंधरा दिवस झाले होते.

ती आली. मी मान खाली घालून शॉट लावला.

ती स्क्रीनजवळ सरकली.

"हे काका न्हाईत," ती पुटपुटली. "आबा, कुणी कोंडलं तुम्हाला?"

स्क्रीनवरचा कोंडाजी तिच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून माझ्यावर आली.

त्याने टाचा जुळवल्या, आणि गेटवर साहेबांची गाडी आल्यावर करतात तसा मला अदबीने सलाम केला.