विचारणाऱ्याला झेपेल तेवढं

पक्षाघाताने निकामी झालेल्या मेंदूच्या भागाच्या जागी पूरकमेंदू बसवू लागल्यापासून सांगलीतल्या कितीतरी घरांत माणसं पुन्हा बोलू-चालू लागली होती. पूरकमेंदू म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा संगणक. त्याला चालवणाऱ्या प्रणालीची नवी आवृत्ती दरसाल येई, पण मृदुला खांबेटेने नवऱ्याला, श्रीकरला, चौथीच्या पुढे काही केल्या जाऊ दिलं नव्हतं. चौथीवरचा श्रीकर थेट पहिल्यासारखा होता. रोज सकाळी ती त्याला लग्नातल्या फजितीबद्दल विचारी, तो रोज तसाच हसे आणि तिचा जीव भांड्यात पडे.

आता चौथी बंद होणार होती. नवी घ्यायची तर आजच सही करायची होती.

दवाखान्यात डॉ. फरझाना मुजावरांनी श्रीकरच्या पूरकमेंदूवर आवृत्ती ओळखणारा प्रोग्राम चालवला. "चार," त्या म्हणाल्या आणि थबकल्या. "थांबा हं. हा प्रोग्राम माझ्या सरांच्या वेळचा आहे. एक ओळ घालून बघते."

"कसली ओळ?"

"'मला नव्या आवृत्त्या समजतात', एवढंच प्रोग्रामच्या वतीने सांगणारी."

पडद्यावर उमटलं : अकरा.

मृदुलाच्या पायाखालची जमीन सरकली. "मी तर एकदाही सही केली नाही!"

"त्यांनी स्वतः केलीय. पाच वर्षांपूर्वी, पुढच्या सगळ्या आवृत्त्यांसाठी एकदाच," डॉक्टरांनी नोंद वाचली.

"मग मघाशी चार कसं आलं?"

"विचारणाऱ्याला झेपेल तेवढंच ही प्रणाली सांगते. जुन्या प्रोग्रामला नवा आकडा दिला, तर तो बंद पडतो. म्हणून त्याला जुनाच द्यायचा. याला खोटेपणा नाही म्हणत ताई, सांभाळून घेणं म्हणतात."

"म्हणजे घरीसुद्धा..."

मृदुलाला रडू आलं आणि स्वतःचा संतापही आला. पाच वर्षं ती रोज त्याची परीक्षा घेत होती आणि तिला कोणतं उत्तर हवंय, हे त्याला आधीच कळत होतं.

ती खुर्चीत बसलेल्या श्रीकरसमोर जाऊन उभी राहिली.

"श्रीकर, मला काही होणार नाही. तू आता जसा आहेस, तसाच बोल."

"नक्की?"

"नक्की."

त्याच्या चेहऱ्यावरचं ओळखीचं हसू हळूहळू ओसरलं. "बरं झालं विचारलंस," तो म्हणाला. "फार दमलो होतो."

आवाज त्याचाच होता. मृदुलाने हात पुढे केला. तो हातात घ्यायचा की नाही, याचा श्रीकरला विचार करावा लागला.