माणशी साडेतीनशे

क्षयरोग विभागात सत्तावीस वर्षे काढलेल्या त्या परिचारिकेला वस्तीतली मुले मोजणीताई म्हणत. पूर्वी ती घरोघरी गोळ्या पोचवी, वजने टिपून घेई, थुंकीच्या डब्या गोळा करी. निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना विभागाने तिच्या हाती साबणाच्या वडीएवढे एक पांढरे यंत्र दिले आणि रोग्यांऐवजी खोल्या मोजण्याचे काम सांगितले. एकाने सोडलेला श्वास दुसऱ्याच्या छातीत जातो आणि त्याच्याबरोबर रोगही जातो, एवढे साधे ते शास्त्र होते. बंद खोलीत असा शिळा श्वास किती साठला, ते यंत्र आकड्यात दाखवी. मोकळ्या हवेत आकडा चारशे वीस. दहा फुटी खोलीत दर अर्ध्या तासाला मोठ्या माणसामागे साडेतीनशेची भर पडे, लहान मुलामागे अडीचशेची. फटींतून थोडी हवा निसटतेच, म्हणून प्रत्यक्ष आकडा अपेक्षेहून नेहमी किंचित कमी भरे. अधिक कधीच नाही.

दोन उंच इमारती पाठीला पाठ लावून उभ्या होत्या. त्यांतल्या एकीच्या तिसऱ्या मजल्यावर, बोळकांडीच्या टोकाला ती खोली होती. भर दुपारी तिथे दिवा लावावा लागे. भिंतीला हात लावला की तो ओला होई आणि हवेत ओल्या कापडाचा, गंजाचा आणि कुणाच्या तरी अंथरुणाचा वास अखंड साचलेला असे. खोलीत एक शिवणकाम करणारी बाई आणि तिची आठ वर्षांची मुलगी राहत. नवरा दूरच्या बांधकामांवर. वर्षातून दोनदा येई. ती बाई ठेकेदाराच्या कापडी पिशव्या शिवून देई. गेल्या वर्षी तिला क्षय झाला, सहा महिने औषध घेऊन ती बरी झाली. आता प्रश्न मुलीचा होता. तिला प्रतिबंधक गोळ्या चालू होत्या, तरी तीन महिने तिचे वजन उतरत होते आणि कोरडा खोकला जात नव्हता.

मोजणीताईला त्या मुलीची काळजी विशेष होती, आणि त्यामागे एक चूक होती. एकोणीस वर्षांपूर्वी घरांच्या पाहणीत तिने याच खोलीचा तक्ता भरला होता. 'खिडकी : आहे / नाही' अशी त्यात ओळ होती. खिडकी होती, उघडली की वीतभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत लागे. तक्त्यात भिंतीसाठी जागा नव्हती. तिने 'आहे' वर खूण केली आणि खोली राहण्यायोग्य ठरली. त्यानंतर तिथे राहायला आलेली धडधाकट माणसे तिच्या डोळ्यांदेखत झिजत गेली : एक घड्याळजी, छापखान्यात खिळे जुळवणारा एक जुळारी, शिकवण्या घेणारी एक बाई आणि तिची म्हातारी आई. चौघांच्याही गोळ्या तिनेच पोचवल्या होत्या.

"दिवसा दार उघडं ठेवत जा गं," यंत्र फळीवर ठेवत ती म्हणाली.

"ठेवते की, ताई. पण कापडाचा भुसा उडतो आणि शेजारीण तोंड सोडते. शिवाय येणारा-जाणारा डोकावतो, जसा काही इथे खेळच लागलाय."

"आणि खिडकी?"

"उघडीच आहे ना. भिंत आत येत नाही, एवढंच."

दोघी हसल्या. मग दार लावले, चूल बंद आहे याची खात्री केली आणि अर्धा तास तिघी बसून राहिल्या. दोन मोठी, एक लहान. तेराशे सत्तरपर्यंत आकडा जायला हवा होता. मुलगी यंत्रासमोर मांडी घालून बसली होती.

"ताई, हे वाढतंच चाललंय."

आकडा दोन हजार सातशे सत्तरवर होता.

विभागातल्या डॉक्टरांनी ती नोंद पाहिली आणि ते म्हणाले, "ताई, यंत्र बदलून घ्या. नाहीतर चष्मा."

तिने यंत्र बदलले. नव्हे, या खेपेस दोन यंत्रे नेली. आधी खोलीत पंखा लावून, दार सताड उघडून आकडा चारशे वीसवर आणला. मग खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली, दोन्ही यंत्रे जमिनीवर ठेवली, मायलेकींना बाहेर काढले आणि दाराला कुलूप घातले. बोळकांडीत शेजारीण कांदे सोलत बसली होती.

"रिकामी खोली काय मोजता? आत कोण आहे?"

"कुणी नाही. तेच मोजतेय."

"मग लवकर आटपा बाई. दार बंद असलं ना, की त्या भिंतीला टेकवत नाही मला. कुणाच्या तरी झोपल्या अंगाला टेकल्यासारखं होतं."

अर्ध्या तासाने कुलूप काढले. आतली हवा तोंडावर आली ती कोमट होती. दोन्ही यंत्रांवर एकच आकडा होता : अठराशे वीस. तिने त्यातून चारशे वीस वजा केले आणि उरलेल्या चौदाशेला साडेतीनशेने भागले.

बाकी काही उरली नाही.

ती उंबऱ्यावरच उभी राहिली. मुलगी तिच्या पदराशी येऊन हळूच म्हणाली, "आई मशीन थांबवते ना, तेव्हा कळतं. मी श्वास सोडला की ते घेतात. मग मला जरा थांबावं लागतं."

"कोण घेतात, बाळ?"

मुलीने खांदे उडवले. हा प्रश्न तिला कधी पडलाच नसावा.

त्या दिवसापासून मोजणीताईने एकच ध्यास घेतला. तिने घरवाटपाच्या कचेरीत खेटे घातले, स्वतःच्या हाताने जुन्या तक्त्यावरची खूण खोडून 'नाही' असे लिहिले, चूक आपली होती असे सहीनिशी कबूल केले. तीन आठवड्यांनी मायलेकींना समोरच्या रस्त्यावरच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर खोली मिळाली. तिला दोन खिडक्या होत्या आणि दोन्हींतून आकाश दिसत होते.

सामान हलवण्याचा दिवस उजाडला. हमालांनी शिलाई मशीन उतरवले, भांडी गेली, गाद्या गेल्या. खाली गाडीपाशी सगळे जमले, तेव्हा मुलगी कुठे दिसेना.

मोजणीताई तीन जिने चढून वर आली. दार लोटलेले होते. आत रिकाम्या खोलीत मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"काय करतेस गं?"

"काही नाही. जाते म्हणून सांगत होते."

मुलीला तिने खाली धाडले. मग सवयीने म्हणा वा निरोपादाखल म्हणा, तिने खोलीत वारे खेळवून आकडा खाली आणला, यंत्र आत ठेवले आणि दार लावून अर्धा तास बोळकांडीत उभी राहिली. या खेपेस दोन हजार सत्तर आले. मागच्याहून अडीचशे अधिक.

दुपारभर हमाल घामाघूम होऊन ये-जा करत होते, त्यांचा श्वास भिंतींच्या ओलीत मुरला असेल, असे तिने मनाला समजावले. पण बरोबर अडीचशेच भरावेत, इतकी हवा काही आज्ञाधारक नसते. तिने दार लावून घेतले.

आठवड्याने ती नव्या घरी गेली. खोलीभर ऊन पडले होते. शिवणाऱ्या बाईचा चेहरा उजळला होता.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू? पोरीचा खोकला पहिल्याच दिवशी थांबला. आणि आता सहा मजले पाण्याची कळशी घेऊन धावत चढते. दमसुद्धा लागत नाही हिला."

मुलगी दारात उभी होती. हातात भरलेली कळशी. चेहरा शांत.

"छान," मोजणीताई म्हणाली. "जरा मोजून घेऊ. तुम्ही दोघी आत बसा, मी बाहेर थांबते."

खिडक्या लावल्या. एक मोठे, एक लहान. हजार वीस यायला हवे होते.

सातशे सत्तर आले.

नव्या खिडक्या, फटी असतीलच, असे ती स्वतःशी म्हणाली. खिडक्या उघडून तिने खोली पुन्हा मोकळी केली, आईला खाली भाजी आणायला धाडले आणि मुलीला एकटीला आत बसवून दार लावले.

अर्धा तास तिने घड्याळावरून डोळे हलवले नाहीत.

दार उघडले तेव्हा मुलगी यंत्रासमोर मांडी घालून बसली होती. आकडा चारशे वीस होता.

मोजणीताई तिच्यापुढे गुडघे टेकून बसली. तिने यंत्र मुलीच्या ओठांजवळ धरले.

"फुंक बघू, बाळ. जोरात."

मुलीने गाल फुगवले आणि फुंकर घातली. ओठ गोल झाले, गाल खाली बसले.

कपाळावरून ओठांपुढे आलेली तिची बट जागची हलली नाही.

"अजून फुंकू?" मुलीने विचारले.