चौथा बांध

गुरुवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी दयानंद पाटलांची जीप सावरवाडीतून नांदेडच्या दिशेनं निघाली. मागच्या सीटवर लक्ष्मम्मा आडवी होती. तिचं डोकं तिच्या नवऱ्याच्या, शंकरप्पाच्या मांडीवर होतं. रात्रभर तिला उलट्या झाल्या होत्या. तोंडातून फेस येत होता आणि हाक मारली तरी ती डोळे उघडत नव्हती.

मनस्विनी ओट्यावर उभी राहून बघत होती. ती तेरा वर्षांची, नांदेडच्या शाळेत आठवीत शिकणारी. दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे आली होती. दयानंद तिचा मामा. मामाच्या तुरीच्या रानाला लागून हळदीचं रान होतं. तिथं शंकरप्पा सालगडी होता आणि कुटुंबासह पत्र्याच्या शेडमध्ये राहायचा. त्याची बारा वर्षांची मुलगी सिद्धम्मा आता मनस्विनीशेजारी उभी होती. जीपमध्ये तिला जागा होती, पण पोरीनं हे बघू नये, असं शंकरप्पानं सांगितलं होतं.

आठ वाजायच्या आत गावानं कारण ठरवून टाकलं. बाईनं शिळं खाल्लं असणार.

"शिळं नव्हतं," सिद्धम्मा हळूच म्हणाली. "भाकरी मीच केली होती. मी पण तीच खाल्ली."

मनस्विनीनं तिच्याकडे नीट पाहिलं. सिद्धम्माला काहीही झालेलं नव्हतं.

घरात उज्वलामामी वही उघडून बसली होती. गावातल्या महिला बचतगटाला फवारणीचा ड्रोन मिळाला होता. तो चालवायला मामी लातूरला दहा दिवस शिकून आली होती. आज दुपारी चार वाजता तिला पहिल्यांदा तो आपोआप उडवायचा होता. म्हणजे शेताची हद्द आधीच रिमोटमध्ये भरलेली असते. बटण दाबलं की ड्रोन स्वतःच वर जातो, एकेक ओळ फवारत पुढं सरकतो आणि काम संपलं की परत येतो. तालुक्याचे कृषी अधिकारी बघायला येणार होते. जमलं नाही तर ड्रोन दुसऱ्या गावच्या गटाला जाणार होता.

"आपोआप म्हणतेत," मामी वहीकडे बघत म्हणाली. "आन् आपोआप चुकलं तर?"

वहीत तेवीस पायऱ्या लिहिलेल्या होत्या. नवव्या पायरीपर्यंत मामी घडाघडा बोलायची आणि दहावीला अडायची. त्यातच लक्ष्मम्माची चिंता. उड्डाण पुढं ढकलावं का, असं तिनं ड्रोन पुरवणाऱ्या दुकानाच्या माणसाला फोन करून विचारलंही. त्याचं नाव अमरनाथ. साहेब एकदाच येतात, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. बुधवारी दुपारी यानंच मामाच्या रानावर एक फेरी करून दाखवली होती. टाकीत नुसतं पाणी आहे, असं त्यानं सांगितलं होतं. तरी सगळ्यांना त्यानं लांब रस्त्यावर उभं केलं. तूर माणसापेक्षा उंच, त्यामुळं पलीकडच्या टोकाला काय झालं ते कुणालाच दिसलं नाही. जाताना तो मामीला बजावून गेला की टाकीत थोडं उरलंय, ते मी येऊन ओतीन, तुम्ही झाकण उघडू नका. मामी नियमाला धरून वागणारी. तिनं झाकणाला हातही लावला नव्हता.

"मामी, आपण तालीम करू," मनस्विनी म्हणाली. "ड्रोन नको. सर्वेश ड्रोन होईल. तू रिमोट घेऊन त्याच्या मागून चाल आणि एकेक पायरी म्हण."

सर्वेश हा मामीचा मुलगा, अकरा वर्षांचा. त्यानं लगेच दोन्ही हात पसरले.

"माझी बॅटरी शंभर टक्के हाय," तो म्हणाला.

"ड्रोन बोलत नाही."

"ह्यो आपल्याकडचा हाय. बोलतो."

सिद्धम्माला एकटीला घरी ठेवायचं नाही म्हणून मामीनं तिलाही रानात नेलं. ती सगळ्यांच्या मागं चालत राहिली.

दहा वाजता तालीम सुरू झाली. रिमोटच्या पडद्यावर शेताचं वरून घेतलेलं चित्र होतं. त्यावर चौदा समांतर ओळी आखलेल्या होत्या आणि आपण कुठं आहोत ते दाखवणारा निळा ठिपका होता. सर्वेश तुरीतून वाट काढत जायचा, टोकाला वळायचा आणि पुढच्या ओळीनं परत यायचा. मामी ठिपक्याकडे बघत त्याच्या मागोमाग चालत होती. चौथ्या ओळीपर्यंत ती न घाबरता पायऱ्या म्हणू लागली. सातव्या ओळीत तिनं दहावी पायरी न अडता म्हटली. बाराव्या ओळीला सगळे बांधाच्या कडेला पोचले.

"झालं रान," सर्वेश म्हणाला.

मामी पडद्याकडे बघत थांबली. "दोन ओळी राहिल्यात."

"कुठं राहिल्यात? समोर बांध हाय की."

"तेच तर." मामीचा आवाज बदलला होता. "पडदा पुढं जा म्हणून राहिला."

बांधावर बाभळीची दाट काटेरी झुडपं होती आणि त्यापलीकडे ओघळीचा चिखल. चौघं जण काटे चुकवत, चिखल तुडवत पलीकडे गेले. तेरावी ओळ हळदीतून गेली. चौदावी ओळ संपता संपता निळा ठिपका जिथं आला, तिथं शंकरप्पाचं शेड होतं.

शेडच्या पत्र्यावर पांढुरके ठिपके वाळून बसले होते. दारात एक कोंबडी मरून पडली होती. तिच्या चोचीला मुंग्या लागल्या होत्या. बाहेर पाण्याचा रांजण होता आणि त्याचं झाकण बाजूला कलंडलेलं होतं.

चालून सिद्धम्माच्या घशाला कोरड पडली होती. रोजच्या सवयीनं तिनं तांब्या रांजणात बुडवला.

मनस्विनीनं झडप घालून तो तिच्या हातातून हिसकला. पाणी जमिनीवर सांडलं आणि वास वर आला, तुरीवर फवारणी चालू असली की रस्त्यापर्यंत येतो तोच.

"काल दिवसभर तू आमच्याकडेच होतीस ना?" मनस्विनीनं विचारलं. "पाणी कुठं प्यालीस?"

"तुमच्याकडंच. भाकरी पण तिथंच करून आणली. रात्री पण मामीनं बाटली दिली होती, तीच मी आन् नायना प्यालो." वडिलांना नायना म्हणणारी सिद्धम्मा रांजणाकडे बघत राहिली. "दुपारी नायना बाजारला गेला होता. हितं अम्मा एकटीच होती."

 सर्वेशनं पसरलेले हात कधीच खाली घेतले होते.

मामीला आता बुधवारचं एकेक आठवू लागलं. हद्द भरताना बांधावरून पायी चालायचं आणि प्रत्येक कोपऱ्यावर उभं राहून खूण करायची, असं लातूरला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. अमरनाथ तीन बांध चालला. चौथ्यावर काटे आणि चिखल दिसला तेव्हा त्यानं मोटारसायकलवर बसूनच पडद्यावरची रेघ बोटानं ओढली होती. मामीनं विचारलंही होतं. झालं की वहिनी, असं तो म्हणाला होता. पडद्यावरचं चित्र जुनं होतं. त्यात शेड नव्हतंच.

घरी येऊन मामीनं प्रशिक्षणात मिळालेले हातमोजे चढवले आणि ड्रोनच्या टाकीचं झाकण फिरवलं. तोच वास आला. झाकण पुन्हा घट्ट लावून ती भिंतीला टेकून खाली बसली.

अकरा वाजता मामाचा नांदेडहून फोन आला. दवाखान्यात लक्ष्मम्माला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं होतं. हे फवारणीच्या औषधाचंच दिसतंय, उपचार सुरू केलेत, पण औषध नेमकं कोणतं ते कळलं तर नेमका उतारा ठरवता येईल, असं डॉक्टर म्हणत होते. मामानं अमरनाथला विचारलं होतं. नुसतं पाणी होतं, असं त्यानं मामालाही सांगितलं होतं. मामीनं त्याला पुन्हा फोन लावला. वास फवारणीच्या नोझलचा असेल, साहेबांसमोर काही बोलू नका, ड्रोन जाईल, एवढं सांगून त्यानं फोन बंद केला.

"तो सांगणार नाही," मनस्विनी म्हणाली. "पण हा सांगेल." तिनं रिमोट पुढं ओढला.

ड्रोनची प्रत्येक फेरी रिमोटमध्ये नोंदलेली राहते. बुधवारी दोन फेऱ्या होत्या. एक इथली, दुपारी एक वाजताची. दुसरी सकाळी सव्वाअकराची, कुठल्या तरी दुसऱ्या शेतावरची. त्या शेताचा एक कोपरा विहिरीनं खाल्ल्यासारखा आत गेलेला होता.

"हे बोळसवाडीच्या साखराबाईंचं रान हाय," सर्वेश म्हणाला. "त्या विहिरीत मी पोहायला शिकलो."

"शिकलास?"

"बुडालो नाही म्हणजे शिकलोच की."

बोळसवाडी तीन किलोमीटरवर होती. मामीनं तिचा फोन दिला आणि दोघं एकाच सायकलवर निघाले. सिद्धम्मा मामीजवळ थांबली.

साखराबाई अंगणात शेंगा सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की, त्यांच्या तुरीवर अमरनाथनं औषध फवारलं तेव्हा टाकी अर्धी उरली होती. ओत म्हटलं तर त्यानं ऐकलं नाही. पुढच्या गावाला त्यातच पाणी घालून दाखवायचं आहे, धुवायला वेळ कुणाला आहे, असं म्हणून तो तसाच गेला.

"बाटली आहे का त्या औषधाची?" मनस्विनीनं विचारलं.

साखराबाईंनी कुंपणाकडे बोट दाखवलं. बाटली धुऊन, काठीवर उलटी घालून वाळत ठेवली होती. "गोडंतेल ठेवायला होईल म्हणलं."

"नका ठेवू, आजी. जिला औषध बाधलंय ती नांदेडला यंत्रावर आहे."

म्हाताऱ्या बाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

लेबल अर्धं निघालं होतं. जहाल विषाची खूण असलेला लाल त्रिकोण शाबूत होता. त्याच्याखाली औषधाचं नाव होतं आणि बारीक अक्षरात डॉक्टरांसाठी उताऱ्याची ओळ. सर्वेशनं काठीवरची बाटली स्थिर धरली. मनस्विनीनं तीन फोटो काढले आणि बारा वाजून पंचवीस मिनिटांनी मामाला पाठवले. मामाचं उत्तर चार मिनिटांनी आलं. डॉक्टरांनी पाहिलं, एवढंच त्यात लिहिलं होतं.

"हे चार माणसांत सांगाल का?" मनस्विनीनं निघताना विचारलं.

"का न्हाई सांगणार?" साखराबाई पदर खोचत उठल्या. "मी काय चोरी केली?"

चार वाजता रानाच्या कडेला वीस-पंचवीस बायका जमल्या. कृषी अधिकारी रेणुकादास जोशी खुर्चीवर बसले होते. अमरनाथ इस्त्रीचा शर्ट घालून हसत हिंडत होता. उज्वलाताई घाबरल्यात, पहिलीच वेळ आहे, असं तो सगळ्यांना सांगत होता.

मामी खरंच घाबरली होती.  पण तिनं वहीतून मोठ्यानं वाचलं.

"पायरी पहिली. चारही बांध पायी चालून पाहिले का?" मग तिनं मान वर केली. "अमरनाथ, चौथा चालला होता का तुम्ही?"

"वहिनी, ते झालंय. बटण दाबा."

"पायरी दुसरी. टाकी धुतली का?"

अमरनाथनं अधिकाऱ्यांकडे बघून हसण्याचा प्रयत्न केला. "पाण्याची टाकी काय धुवायची?"

तेव्हा मनस्विनी आणि सर्वेशनं एक बादली आणून त्याच्यासमोर ठेवली. मामीनं सकाळचे हातमोजे घालून टाकीत उरलेलं त्यात काढून ठेवलं होतं. सिद्धम्मा बादलीच्या मागं उभी राहिली.

"काका, पाणीच आहे ना?" मनस्विनी म्हणाली. "मग ह्यात हात धुवा."

अमरनाथनं बादलीकडे पाहिलं. मग सिद्धम्माकडे पाहिलं. ती कोण ते त्याला माहीत होतं. त्यानं हात पाठीमागं नेले.

साखराबाईंनी बाटली अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली आणि दुपारी सांगितलं तेच सगळं पुन्हा सांगितलं. एक शब्दही कमी केला नाही. रेणुकादास सर उठून बांध ओलांडून गेले आणि शेड, रांजण, कोंबडी बघून आले. त्यांच्या पायजम्याला काटे लागले होते. त्यांनी बादलीतलं आणि रांजणातलं थोडं थोडं वेगवेगळ्या बाटल्यांत सील केलं, उरलेल्याला कुणी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं आणि पोलिसांना फोन केला. अमरनाथ खाली मान घालून एकच वाक्य बोलत होता. त्या दिवशी त्याला तीन गावं करायची होती.

"तुम्ही मुलांनी आज मोठ्यांचं काम केलं," रेणुकादास सर म्हणाले. "मी हे लेखी कळवणार आहे." बायकांनी मनस्विनीच्या आणि सर्वेशच्या डोक्यावरून हात फिरवले. सर्वेशला एरवी हे फार आवडलं असतं. तो सिद्धम्माकडे बघत होता आणि सिद्धम्मा नांदेडच्या रस्त्याकडे.

शुक्रवारी मामी स्वतः चौथा बांध चालली. चपला हातात घेऊन, चिखलातून, काट्यांतून; प्रत्येक कोपऱ्यावर थांबून तिनं खूण केली. पडद्यावर आता बाराच ओळी होत्या. पहिल्या उड्डाणाची तारीख मात्र कुणी ठरवली नव्हती, आणि तिनं विचारलीही नाही. दुपारच्या बसनं सिद्धम्माला घेऊन ती नांदेडला गेली.

तपासायला पाठवलेल्या बाटल्यांचा अहवाल आलेला नव्हता. अमरनाथचा जबाब झाला होता. दुकानाचा मालक गावाला गेल्याचं तिथली माणसं सांगत होती.

शनिवारी सकाळी नऊ वाजता मामाचा फोन आला. मनस्विनीनं तो उचलला. यंत्र अजून काढलेलं नव्हतं. पहाटे सिद्धम्मानं कानाजवळ जाऊन हाक मारली, तेव्हा लक्ष्मम्मानं डोळे उघडले होते. ते हाक ओळखून उघडले की नुसतेच उघडले, हे डॉक्टरांना अजून सांगता येत नव्हतं.